मीठ ऐकणारा पिंजरा

बिरू, तुझ्या तेराव्याला मी तुझ्या फोटोकडे कमी आणि त्याच्या शेजारी ठेवलेल्या आपल्या कॉइलकडेच जास्त बघत होते. तुला हे आवडलं असतं, म्हणून आधी तेच सांगते. पाटावर फोटो, फोटोला हार, आणि शेजारी तुमच्या शेताच्या पाईपलाईनमधून उरलेला तो आठ इंची तुकडा, त्यावर तू पिंजऱ्याच्या गजांसारख्या गोल चिकटवलेल्या तांब्याच्या पट्ट्या. पट्ट्यांनाही कुणीतरी गंध लावलं होतं. आणि आत, अगदी मधोमध, जिथं माणसाचा गुडघा यायचा तिथं, निरांजन तेवत होतं. सगळे डोळे पुसत होते आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट घुमत होती: काजळी धरेल, कपॅसिटर तापतील, अरे कुणीतरी ती वात विझवा. शेजारच्या बायकांना वाटलं मला रडू आवरत नाहीये. तेही खरंच होतं, पण त्यात निम्मा संताप होता.

संताप तुझाच. बारामतीला आपण नोकरीला होतो त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी तुला सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "तुझे डोळे पिवळे दिसतायत." तू म्हणालास, "ट्यूबलाइट जुनी झालीय." मी म्हटलं, "मग माझे का नाही दिसत?" तर म्हणे, "तू चष्मा लावतेस, शैलाबाई." आणि हसत पुन्हा सोल्डरिंग आयर्न हातात. कावीळ अंगावर काढायची असते का रे? पुण्याला नेईपर्यंत उशीर झाला होता. मला बाई म्हणून चिडवणारा तू एकटाच होतास, बाकीचे मॅडम म्हणतात. ते ऐकलं की आता कानाला बोचतं.

त्या दिवशी तुझ्या मावसभावानं मला हळूच विचारलं, "मॅडम, ह्ये नेमकं काय हाय? त्यो सांगायचा, पर आमच्या डोसक्यात शिरलं न्हाय." मग मी तुझ्याच भाषेत सांगितलं. दवाखान्यात ते मोठं चुंबकाचं यंत्र असतं, त्यात माणूस निजवतात. आपल्या अंगातल्या पाण्यात हायड्रोजन असतो. त्याला त्याच्या सुरात हाक मारली की तो त्याच सुरात ओ देतो. त्या ओ देण्यातून आतलं चित्र तयार होतं. हाक मारणारं तोंड आणि ओ ऐकणारा कान म्हणजे ही कॉइल. पण अंगात मीठही असतं, मिठात सोडियम असतं, आणि त्याचा सूर फार खालचा, हायड्रोजनच्या जेमतेम पाव. शिवाय ते असतं चिमूटभर आणि ओ देतं ते अगदी बारीक आवाजात. बिरूला दोन्ही ऐकणारी कॉइल करायची होती, गुडघ्यासाठी. मावसभाऊ म्हणाला, "गुडघ्यात मीठ बगून काय करायचं?"

हा प्रश्न मीही तुला विचारला होता, तेव्हा आपण पुण्यात एम.एस्सी. करत होतो आणि एकाच टेबलावर एकमेकांचे प्रयोग बिघडवत होतो. तू सांगितलंस, हाडांच्या मधली जी गादी असते, ती कूर्चा, तिच्यात सोडियम भरपूर असतं. कूर्चा झिजून पातळ होण्याच्या कितीतरी आधी तिच्यातलं सोडियम उतरायला लागतं. साध्या चित्रात गुडघा धडधाकट दिसतो तेव्हाच सोडियमच्या चित्रात दुखणं कळू शकतं. मग अचानक तू मेंढरांवर घसरलास. तुझे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे तेव्हा मुक्कामाला सपाट दगडावर खडेमीठ पसरायचे, आणि कुठलं मेंढरू मिठावर येत नाही ते बघून कुठलं आजारी पडणार ते ओळखायचे. मी म्हटलं, ही सुतावरून स्वर्ग गाठायची तुमच्या घराण्याची सवय दिसतेय. पण मनातून मला ते पटलं होतं. पटलं नसतं तर नोकरी सांभाळून इतके रविवार मी त्या पाईपच्या तुकड्यावर घालवले नसते.

आपलं भांडण पहिल्या दिवसापासून एकच. तुझं म्हणणं, कॉइल एकच हवी, तिलाच दोन्ही सूर यायला हवेत, म्हणजे दोन्ही चित्रं एकाच जागेची, एकावर एक बरोब्बर बसतील. त्यासाठी तू प्रत्येक पट्टीत ट्रॅप घातलेस, वेटोळं आणि कपॅसिटरची ती छोटी जोडी, जी एका सुराला वाट देते आणि दुसऱ्याला अडवते. "उसाला दारं धरल्यागत आहे," तू म्हणायचास. "या सरीचं दार उघडलं, त्या सरीचं बुजवलं, पाणी एकच." आणि मी म्हणायचे, अरे, ज्याला दारं धरायची सवय आहे त्यानं तरी हे विसरू नये की प्रत्येक दारापाशी पाणी थोडं मुरतं. हायड्रोजनला काय, त्याचा पाट भरून वाहतोय. सोडियमची आधीच करंगळीएवढी धार, ती तुझ्या दारांतच मुरून जाईल. माझं म्हणणं होतं दोन कॉइल करू. आत, गुडघ्याला लागून, फक्त सोडियमची, एकही ट्रॅप नसलेली. बाहेरून हायड्रोजनची दोन वेगळी वेटोळी, आतलीशी काटकोनात, म्हणजे एकीची बडबड दुसरीला ऐकू येणार नाही. तू म्हणालास, "दोन चुली मांडल्या की घर फुटतं." मी म्हटलं, "एका चुलीवर दोघींनी एकदम स्वयंपाक केला तर भाकरीही करपते आणि आमटीही." कॉलेजातले लोक आपल्याला बघून वाट बदलायचे.

तरी पहिली कॉइल तुझ्या मताची झाली, कारण हट्टाला पेटलास की तुझ्यापुढं कुणाचं काही चालत नसे. पुण्याच्या त्या दवाखान्यातलं यंत्र दुसऱ्या सुरांवरही चालू शकत होतं, पण ते कुणी वापरत नव्हतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंना तू इतक्या चिठ्ठ्या पाठवल्यास, एसटीडी बूथवरून इतके फोन केलेस, की शेवटी त्रासून त्यांनी आपल्याला रविवार दिले. आणि तिथं बाटल्यांचा तो घोळ झाला. आठवतंय ना? एक बाटली मिठाच्या पाण्याची, एक साध्या पाण्याची. मिठाच्या बाटलीतून सोडियमनं ओ द्यायची, साधीतून काहीच यायचं नाही. मिठाची बाटली खणखणीत बोलली. मग साधी ठेवली, तर तिच्यातूनही पडद्यावर बारीकसं टोक वर आलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जिथं सोडियम नाही तिथं तुमची कॉइल सोडियम दाखवतेय, मग गुडघ्यात दाखवलेलं मी खरं कसं धरू?" वेळ संपली होती, पेशंट बाहेर थांबले होते.

पुढचे कितीतरी दिवस आपण दोष शोधत बसलो. मी म्हणत होते, हाक मारून झाल्यावर तुझी कॉइलच थरथरत राहते आणि आपण तिचाच आवाज ऐकतोय. तू म्हणत होतास, केबल. मग म्हणालास, यंत्र. घोडं कुठं पेंड खातंय तेच सापडेना. अशात एका दुपारी मी कळंबला तुझ्या घरी आले. मावशींनी, तुझ्या आईनं, तांब्याभर पाणी दिलं. एक घोट घेतला आणि मी थांबले.

"मावशी, पाण्यात मीठ पडलंय का काही?"

"मीठ? न्हाय बया. आमच्या हिरीचं पानी हाय. ग्वाड हाय की चांगलं."

मी तुझ्याकडं बघितलं. तू माझ्याकडं. मग मी विचारलं, "बिरू, ती साधी बाटली कुठं भरली होतीस?" बॅटरीवाल्याकडून आणलेलं शुद्ध, बिनमिठाचं पाणी सांडलं होतं, हे तेव्हा तू पहिल्यांदा बोललास. इंदापूरहून येणारी एसटी चुकेल म्हणून घरच्या विहिरीवरच भरून घेतलीस. स्वच्छ पाणी, गोडं पाणी! जन्मापासून ते मचूळ पाणी पिऊन तुझ्या जिभेला त्यातलं मीठ लागतच नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा. तात्या, तुझे थोरले भाऊ, वैरण टाकून आत आले तर आपण दोघं भिंतीला टेकून हसतोय आणि मावशी विचारतायत, "माज्या पान्याला हसताय व्हय?"

तू नंतर कॉलेजभर सांगत सुटलास की आमची कॉइल विहिरीची चव सांगते. मला मात्र त्या संध्याकाळचं वेगळंच आठवतं. घाईघाईत उठून तू डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी लिहायला बसलास आणि पहिल्या ओळीतच लिहिलंस, चूक आमची होती. कारणं नाहीत, सारवासारव नाही. इतकं सरळ चुकता येणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. तुझे आभार मानायचे राहून गेले त्यात हे सगळ्यात वर आहे.

मग गुडघा. तुझाच गुडघा, कारण मावशींचा नंतर घ्यायचा ठरला होता. तुझा निरोगी, त्यांचा मेंढरांमागं चालून चालून कामातून गेलेला, आणि डॉक्टरीणबाईंना दोन्ही शेजारी ठेवून बघायचे होते. हायड्रोजनचं चित्र सुरेख आलं. सोडियमचं आलं ते नुसतं धुकं. बाटलीभर मीठ ऐकणं वेगळं आणि कागदाच्या पुठ्ठ्याएवढ्या जाडीच्या कूर्चेतलं मीठ ऐकणं वेगळं. "दारांत मुरलं," मी म्हटलं. "अजून वेळ दिला तर येईल," तू म्हणालास. "माणूस किती वेळ न हलता पडेल?" मी विचारलं. बारामतीला परत आल्याबरोबर तू सोल्डरिंग आयर्न गरम केलंस आणि ट्रॅप बदलायला बसलास. डोळे पिवळे दिसत होते ते तेव्हाच.

आता जे सांगायचंय ते सांगते. तू गेल्यावर डॉक्टरीणबाईंचा कॉलेजात फोन आला. आधी तुझ्याबद्दल बोलल्या, मग जरा अडखळून म्हणाल्या, यंत्राचा करार बदलतोय, यापुढं रविवारीही पेशंट घेतले जातील, एकच रविवार शिल्लक आहे. तो नको असेल तर तसं सांगा, मी समजू शकते. मी म्हटलं, हवाय. तुला आवडो न आवडो, माझ्या तोंडून दुसरं काही निघणंच शक्य नव्हतं. एका रविवारी गुडघ्यातलं सोडियम दिसलं नाही तर आपलं सगळं काम हौशी लोकांचा खेळ ठरून अडगळीत जाणार. आणि ते तुझ्या कॉइलनं दिसणार नाही हे मला माहीत आहे. माझ्या कॉइलनं दिसेल की नाही हे माहीत नाही.

माझी कॉइल करायची तर कपॅसिटर हवेत, आणि ते साधे चालत नाहीत. साध्यांच्या पायांत चुंबकाकडं ओढला जाणारा धातू असतो, चित्र वेडंवाकडं होतं. आपल्या वर्गातल्या पोरानं परदेशातून पाठवलेल्या त्या छोट्या पाकिटातले सगळेच्या सगळे तू तुझ्या पिंजऱ्यात जोडून बसलायस. आणि तो पिंजरा तुझ्या फोटोशेजारी, आत निरांजन घेऊन.

तेराव्याची माणसं पांगल्यावर मी विषय काढला. तात्यांचा चेहराच उतरला. "मॅडम, त्येच्या हातची येवडीच खून हाय घरात. ती बी नेताय व्हय?"

"नेणार, आणि मोडणार, तात्या. खोटं कशाला सांगू?"

"मोडनार?" ते उठून उभेच राहिले. "चार मानसं येत्यात, बगत्यात, म्हंत्यात आमच्या बिरूनं यंत्र क्येलं. आन् तुमी मोडनार?"

तात्यांचं काय चुकलं होतं? माझा धाकटा भाऊ असता तर मीही त्या पाईपला कुणाला हात लावू दिला नसता. तेवढ्यात चुलीपाशी बसलेल्या मावशी म्हणाल्या, "कशापायी मोडायचं? चालत न्हाय का त्ये?"

बिरू, तुझ्यामागं तुझ्याबद्दल कुणी वावगा शब्द काढलेला नव्हता. तेरा दिवस सगळे तुला देवाच्या पंक्तीत बसवत होते. मी खाली बघून म्हटलं, "अर्धवट चालतं, मावशी. गुडघ्यातलं मीठ दाखवत नाही. मी त्याला सांगत होते, त्यानं ऐकलं नाही."

"म्हंजी बिरूचं चुकलं व्हय?"

"होय. चुकलं."

मावशींनी तोंडाला पदर लावला आणि मला वाटलं आता यांना रडू कोसळणार. पण त्या हसत होत्या. रडतही होत्या, पण हसत होत्या. "लई हेकट," म्हणाल्या. "ल्हानपनापास्नं. ज्ये धरलं त्ये धरलं. हितं जो तो येतो आन् म्हंतो, तुमचा बिरू असा ग्वाड, तुमचा बिरू असा गुनी. मला वळखू येईना बया, कुनाबद्दल बोलत्यात. तू सांगितलंस तवा माजा ल्योक मला दिसला." उठल्या, वाकून निरांजन बाहेर काढलं आणि कॉइल पदरानं पुसून माझ्या हातात दिली. तात्या मला एसटीवर सोडायला आले तेव्हा ती पोत्यात गुंडाळून त्यांनी स्वतः धरली होती.

मोडताना त्रास झाला. तुझ्या जोडांना मी नेहमी नाक मुरडायचे, एवढं शिसं ओततोस जणू बैलगाडीचा आख जोडतोयस. ते सुटता सुटेनात. आयर्न लावायचं, वाट बघायची, फुंकर मारायची, पुन्हा लावायचं. प्रत्येक जोडाला तुला शिव्या दिल्या. एका कपॅसिटरचा पाय तुटला तेव्हा मात्र खुर्चीवर बसून घेतलं आणि ओक्साबोक्शी रडले, तू गेल्याचं कळलं तेव्हाही इतकी रडले नव्हते. मग उठून दुसरा काढला. तुझ्या पट्ट्या तशाच ठेवल्यात, त्या तू सुंदर कापल्या होत्यास, हेही तुला कधी म्हटलं नव्हतं. ट्रॅप सगळे काढले. बाहेरून हायड्रोजनची वेटोळी माझी. सिग्नल जनरेटर लावून बघितलं, सोडियमचा सूर धारदार येतोय, तुझ्यापेक्षा बराच. टेबलावर येतोय, एवढंच म्हणते. गुडघ्यात काय होईल ते गुडघा सांगेल.

उद्या तो रविवार. हे मी पुण्यात माझ्या बहिणीच्या घरी दुपारी बसून लिहितेय. तुझा गुडघा आता मिळणार नाही, म्हणून निरोगी गुडघा माझा, आणि नंतर मावशींचा. चित्र आलं तर तुला तोंडावर "बघ" म्हणता येणार नाही, याचं मला आत्तापासून वाईट वाटतंय. नाही आलं तर "दोन चुली मांडल्यास ना, बाई" हे ऐकायला मिळणार नाही, त्याचं त्याहून जास्त. हरण्यात जी मजा होती ती तू बरोबर घेऊन गेलास. पण नाही आलं तर मी पट्ट्या पुन्हा सोडवीन, पुन्हा जोडीन आणि दुसऱ्या कुठल्या यंत्रापाशी जाऊन उभी राहीन. डॉक्टरीणबाईंना तू जेवढं छळलंस तेवढं छळायला मलाही येतं.

मावशी आत्ता इथं येऊन बसल्या होत्या. अंगावरचं सगळं धातूचं त्यांनी आजच काढून रुमालात बांधून ठेवलंय.

"आत किती येळ पडायचं?"

"तासभर तरी. आणि मावशी, हलायचं नाही. गुडघा जरा जरी हलला की सगळं पुसट येतं."

"बोलायचं बी न्हाय?"

"मनातल्या मनात बोला."

त्यांनी रुमालाची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली. "मग मी आपली बिरूशी बोलत पडंन," म्हणाल्या. "त्येला लई झापायचं ऱ्हायलंय."